वरचं सात, खालचं बारा

अकोल्याला गोरक्षण रोडवर भूगोलाचे एक निवृत्त सर राहत होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पोरांना न्यूझीलंड शिकवला. फळ्यावर खडूनं दोन बेटं काढायची, खालच्या बेटाच्या पूर्व बाजूला तिरप्या रेघा मारायच्या, शेजारी ‘कँटरबरीचे मैदान’ असं लिहायचं आणि म्हणायचं, “इथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त.” पोरं हसायची. बाहेर एप्रिलचं ऊन, वर्गात कुरकुरणारा पंखा आणि फळ्यावर समशीतोष्ण गवताळ प्रदेश. ते गवत सरांनी पाहिलेलं नव्हतं, पण परीक्षेत त्यावर एक प्रश्न ते हमखास काढायचे.

निवृत्तीनंतर अमरावतीला दिलेल्या मुलीनं त्यांना मोबाइलवर एक फोटो पाठवला. हिरवी टेकडी, लाकडी घर आणि बाटलीनं दूध पिणारं कोकरू. मागोमाग तिचा फोन. आता परदेशात म्हणे शेतकऱ्याच्या घरीच राहता येतं. सकाळी कोकरांना दूध पाजायचं, दुपारी मालकाबरोबर कुंपण पाहायला जायचं, रात्री त्यांच्याच टेबलावर जेवायचं. फार्म स्टे म्हणतात त्याला.

“आणि त्याचे पैसे ते आपल्याला देतात की आपण त्यांना?” काकूंनी विचारलं.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, वरुडच्या. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या, आंब्या बहार आणि मृग बहार यांच्या हिशेबानंच ज्या घरात लग्नं ठरतात तिथल्या. पाहुण्यांकडून शेण उचलून घ्यायचं आणि वर त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे, हे आपल्या बापाला कसं सुचलं नाही, याचं त्यांना दोन दिवस वाईट वाटत होतं.

सरांनी मात्र वही घातली. देश, भाडं, हवामान, व्हिसा असे रकाने आखले. इटलीत १९८५ सालीच यासाठी कायदा झाला, आणि त्या कायद्यानं शेती हा मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे हा जोडधंदा. नुसतं शेतात हॉटेल बांधून चालत नाही. हे वाचून सर फार खूश झाले. स्वित्झर्लंडमध्ये गोठ्याशेजारी गवतावर झोपायची सोय. ऑस्ट्रियात गाईंच्या घंटा. मुलीनं मध्येच सुचवून पाहिलं, की आपल्याकडे बारामतीच्या बाजूला पांडुरंग तावरे यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच याची घडी बसवली, महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरणसुद्धा २०२० साली आलं, तेव्हा आधी तिकडे हुरडा खाऊन या. सर म्हणाले, “हुरडा काय, घरी पण खातो.” खरं म्हणजे घरी खाऊनही त्यांना कैक वर्षं झाली होती.

वहीत पहिल्या पानावर त्यांनी एक अट लाल शाईनं लिहून ठेवली होती: यजमान स्वतः राबणारा शेतकरी असावा. नुसता जमीनमालक नको. हजारो मैल जाऊन जमिनीचा मालक काय पाहायचा, असं ते काकूंना समजावून सांगत. काकू मेथी निवडत ऐकत.

शेवटी ठरला तो न्यूझीलंडच. महिन्यावरून थोडी ओढाताण झाली. मुलांच्या सुट्ट्या पाहून मुलगी मे म्हणत होती; पण मेमध्ये तिथे हिवाळ्याची चाहूल, आणि कोकरं जन्मतात ती ऑगस्ट ते ऑक्टोबरात, म्हणजे आपल्याकडे पऱ्हाटीला पात्या-फुलं लागतात तेव्हा. हा उलटा ऋतू सरांनी इतकी वर्षं पृथ्वीचा गोल आणि टॉर्च घेऊन समजावला होता. त्यामुळे सप्टेंबर २०२३ हा त्यांचा शब्द अखेरचा ठरला. कँटरबरीतच एक मेंढ्यांचं शेत सापडलं. मालकीण साठीची, नवरा-बायको दोघंच राबणारे. एका रात्रीचं भाडं ऐकून काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली.

आता इथे सरांच्या शेतीबद्दल सांगायला हवं, कारण शेती त्यांचीही होती.

म्हैसांगचा पूल ओलांडून दर्यापूरकडे निघालं की पूर्णेच्या काठाकाठानं जो खारपाणपट्टा लागतो, त्यात एका गावी सरांचं साडेसात एकर वडिलोपार्जित वावर. काळी कसदार माती, आणि खाली खारं पाणी. विहीर खणली तर ते पाणी माणसाला पिववत नाही आणि पिकालाही सोसत नाही. उन्हाळ्यात भेगा इतक्या, की पडलेली विळी हाताला लागू नये. पावसात चिखल असा, की पांदणीतून बैलसुद्धा नको म्हणतो. म्हणजे जे काही पिकायचं ते वरच्या पाण्यावर. वडील गेल्यावर सरांनी ते मक्त्यानं दिलं. ज्याला दिलं त्याला गावात पैलवान म्हणतात. अंगानं काडी, पण पोरपणी यात्रेतल्या कुस्तीत पहिल्याच डावाला पाठीवर पडला, तेव्हापासून पैलवान. वऱ्हाडात पदव्या अशाच मिळतात.

मक्ता एकरी आठ हजार, साडेसात एकरांचे साठ. दर पाडव्याला आगाऊ. पुढे आभाळ फाटो की आटो, मालकाचे पैसे आधीच मालकाच्या घरी. पाडव्याला पैलवान एस.टी.नं अकोल्याला येई, पैसे मोजून देई, पिशवीतून तूरडाळ काढून ठेवी, काकूंच्या हातचं जेवण करून परत जाई. कागद कसलाच नव्हता. आपल्या भागात तो कोणी करत नाही. विदर्भाचा कूळ कायदा १९५८ सालचा, पण त्याची धास्ती अजून नव्या नोटेसारखी कोरी आहे. लिहून दिलं आणि उद्या कूळ लागलं तर? त्यामुळे सगळं तोंडी, विश्वासावर. सरांच्या मते संबंध अगदी उत्तम होते. मक्तेदारानं कधी तक्रार केली नाही की मालकाला असं वाटतंच.

२०२१ पासून त्यात एका कामाची भर पडली. ई-पीक पाहणी आली. पैलवानाचा पोरगा वावरात उभा राहून सरांच्या नावानं पिकाचा फोटो चढवी, संकेतांक सरांच्या मोबाइलवर येई. “भाऊ, थे चार आकडे सांगा बरं.” सर सांगत. त्यांची शेती वर्षाकाठी एवढीच, चार आकड्यांची.

पण मालकिणीला पहिल्या मेलमध्ये त्यांनी लिहिलं होतं: आम्हीही शेतकरीच आहोत, आमचा कापूस असतो.

उत्तर लगेच आलं, आणि लांबलचक आलं. पाहुणा शेतकरी आहे म्हटल्यावर बाई खुलली होती. कापूस तिनं फक्त अंगावर पाहिलेला. तुमची माती कशी? पाणी किती खोल? पेरता कधी, वेचता कधी, वेचायला माणसं कुठून आणता, त्यांना काय देता? तिनं स्वतःचंही सांगितलं होतं. २०२१ च्या मे महिन्याच्या शेवटी कँटरबरीत महापूर आला, तेव्हा त्यांचं नदीकाठचं सगळं कुंपण वाहून गेलं, चाऱ्यावर गाळ बसला, आणि नवऱ्यानं ते हिवाळाभर उपसलं. खाली तिनं विचारलं होतं, असं काही झालं तर तुमच्याकडे नुकसान कोण सोसतं?

सरांनी आधी मातीबद्दल लिहिलं. बेसॉल्ट, रेगूर, ओलावा धरून ठेवण्याची क्षमता, दख्खनचा लाव्हा. दोन पानं झाली. बाईनं कळवलं, फारच छान माहिती, पण यंदा तुम्ही पेरलं काय होतं?

सरांनी पैलवानाला फोन लावला.

“यंदा आपल्या वावरात काय काय होतं रे?”

“काऊन जी? कोनी आलं काय इचाराले?” तिकडून आवाज एकदम सावध.

“नाही, सहज. आणि पाऊस किती झाला?”

“पाऊस मोजाले मी काय सरकार हाओ?”

मार्चच्या सुरुवातीला व्हिसाचे कागद सुरू झाले. ते काम करणारा पोरगा सरांचा जुना विद्यार्थी. माणशी दर महिन्याला एक हजार न्यूझीलंड डॉलर जवळ असल्याचा पुरावा, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आणि परत येणारच याची खात्री पटेल असं काही. खात्रीसाठी त्यानं सातबारा मागितला, इंग्रजी भाषांतरासह. सरांना ते फार आवडलं. गाव नमुना सात म्हणजे मालकीचा, बारा म्हणजे पिकांचा, असं त्यांनी त्याला उभ्या उभ्या शिकवूनही टाकलं. वर सातमध्ये सरांचं नाव. खाली बारामध्ये कापूस, मूग, हरभरा. तिसऱ्या माणसाचं नाव कागदावर कुठेच नव्हतं.

पोरगा स्टेटमेंटवर बोट फिरवत थांबला.

“सर, ही नोव्हेंबरची चाळीस हजार आठशेची एन्ट्री कशाची? पेन्शन नाही, व्याज नाही. अधिकारी विचारेल.”

सरांनी चष्मा लावला. “अतिवृष्टीचं अनुदान. जुलैत पिकं गेली ना. जिरायतीला हेक्टरी तेरा हजार सहाशे, तीन हेक्टरपर्यंत. बरोब्बर चाळीस आठशे.” हिशेब त्यांचा पक्का होता.

“मग तसं एक पत्र जोडू. शेतकरी आहे, पिकाचं नुकसान झालं, सरकारनं भरपाई दिली.” पोरानं टाइप करायला घेतलं.

काकू शेजारच्या खुर्चीवर होत्या. पासपोर्टच्या फोटोसाठी म्हणून आल्या होत्या.

“तुमचं काय बुडालं हो?” त्यांनी विचारलं.

“वावर बुडालं. चार दिवस पाण्याखाली होतं.”

“वावर तर जागच्या जागी आहे. साठ हजार तुम्हाला पाडव्यालाच मिळाले होते. मग बुडालं कोणाचं?”

सर म्हणाले, नियमच तसा आहे. पैसे सातबाऱ्यावर नाव असेल त्याच्याच खात्यात येतात. सरकार दुसरं काय करणार? आणि हे खरंच होतं. सरांनी कोणाचं काही लांबवलं नव्हतं. पैसे आले तेव्हा मोबाइल वाजला, तो त्यांनी पाहिलाही नव्हता. या गोष्टीत चोर कुठेच नाही, म्हणून ती सांगायला अवघड आहे. चोर असता तर चार ओळींत आटोपली असती.

पत्र त्या दिवशी अर्धंच राहिलं.

पाडवा २२ मार्चला होता. त्याआधीच एका सकाळी सर गावी गेले. बाईच्या प्रश्नांची यादी खिशात होती. आपण त्या कामासाठीच चाललोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पैलवानाच्या घरी गडबड उडाली. मालक वेळेआधी आला म्हणजे एक तर मक्ता वाढणार नाही तर वावर सुटणार. चहा झाला, तरी कोणी विषयाला हात घालेना. शेवटी सर म्हणाले, “चल, वावर दाखव.”

पांदण कोरडी ठक्क. हरभरा निघून गेला होता. यादीतला एकेक प्रश्न सर विचारत गेले आणि पैलवान ढेकळं तुडवत सांगत गेला. जूनमध्ये सरकी लावली. बियाणं, खत दर्यापूरच्या कृषी केंद्रातून उधार. एक डवरणी झाली, निंदण झालं. मग जुलैची झड.

“पऱ्हाटी गुडघ्याएवढी बी नोती, भाऊ. चार रोज पानी जाग्यावर. उघडलं तं पिवळी जर्द. मुया सडल्या. मुंगाचं तं नावच नोका घेऊ. अर्ध्यातली पऱ्हाटी मोडली अन् थे जागा हरभऱ्याले सोडली.”

“पंचनामा झाला?”

“झाला ना. तलाठी आले, कृषीवाले आले. गाडी पांदनीत धसली. मंग मीच बंडी जुपली अन् त्याइले वावरात आनलं. फोटो काढले. खाता नंबर तुमचाच देल्ला.”

“माझा?”

“सातबारा तुमचा, मंग खातं कोनाचं देऊ? माह्या बायकोचं?”

“पैसे आले की नाही, हे तू विचारलंस नाही कधी.”

पैलवानानं एक ढेकूळ उचललं, फोडलं. “इचारलं असतं तं तुमी म्हनले असते, सोड बाप्पा वावर. तिघं जनं डोया ठेवून हायेत ह्या तुकड्यावर. नऊ हजारानं घेतात.” थोडं थांबून तो म्हणाला, “यंदाचा मक्ता तयार हाये. चिंता नोका करू. गोऱ्हा इकला.”

सरांनी यादी घडी करून खिशात ठेवली. मग त्यांचं लक्ष धुऱ्याकडे गेलं. वडिलांच्या वेळची बाभूळ तिथे नव्हती.

“बाभूळ कुठे गेली रे?”

“थे... वाऱ्यानं पडली.”

बुंधा कुऱ्हाडीनं तोडल्यासारखा सपाट होता. दोघांनीही तो पाहिला. वारा आपल्याकडे कधीकधी असा नेमका येतो. सर काही बोलले नाहीत. चाळीस हजार आठशे रुपये खात्यात ठेवून बाभळीचा जाब विचारणं त्यांच्या जिवावर आलं.

“ते अनुदानाचे पैसे तुझे आहेत,” सर म्हणाले. “घेऊन जा.”

पैलवानानं संकोच वगैरे केला नाही. “घेतो. नाई म्हनाले मी काई संत नाई.” आणि मग चार पावलं चालून, वर न पाहता त्यानं पुढचं काढलं. “भाऊ, एक बोलू काय? औंदापासून मक्ता नोको. बटई करू. खर्च अर्धा तुमचा, माल अर्धा तुमचा. पिकलं तं दोघाचं, बुडालं तं दोघाचं.”

इथे सर अडले. पैसे परत देणं सोपं होतं, ते एकदाच द्यायचे होते. बटई म्हणजे दर वर्षी जूनमध्ये आभाळाकडे पाहणं. बियाण्याच्या अर्ध्या बिलाला हो म्हणणं, काट्यावर जाऊन उभं राहणं, भाव पडला तर रात्री झोप न लागणं. “मक्त्यात कसं, कटकट नसते,” ते म्हणाले.

“असते ना. आमच्याकडे असते.”

“पाहू,” म्हणून सर अकोल्याला परत आले.

त्या रात्री ते बाईला मेल लिहायला बसले. पेरणी लिहिली, झड लिहिली, पिवळी पडलेली पऱ्हाटी लिहिली. आता माहिती भरपूर होती. नुकसान कोण सोसतं, या प्रश्नावर गाडी थांबली. ‘आम्ही’ लिहिलं आणि खोडलं. ‘मक्तेदार’ लिहिलं, मग त्याला इंग्रजीत समजावता समजावता लक्षात आलं, की वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलेल्या अटीत आपण स्वतः बसत नाही. त्या बाईनं तसली अट घातली असती तर आपल्याला खोली मिळाली नसती.

काकूंनी मागून वाचलं. “बटई करून टाका,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मेल लिहायला सोपा जाईल.”

“आणि पुन्हा बुडालं तर?”

“तर मेंढ्या पाहायला चाललोय त्यातली एक रात्र कमी करू. एका एकराच्या मक्त्याहून महाग आहे ती रात्र. मी हिशेब केलाय.”

पाडव्याला पैलवान आला तो साठ हजार घेऊनच. न विचारता. त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि तो का बसावा? सरांनी ते परत केले, वर चाळीस आठशेचा चेक दिला. व्हिसाच्या पोरानं कपाळाला हात लावला. जमा झालेली रक्कम समजावून सांगता येते, पण तीच रक्कम तिसऱ्याच्याच नावावर गेलेली कशी समजावायची? आणि ‘व्यवसाय’ या रकान्यात सरांनी ‘शेतकरी’ खोडून ‘निवृत्त शिक्षक’ करायला सांगितलं. “सर, शेतकरी लिहिलं तर बरं दिसतं,” तो कळवळून म्हणाला. सरांनी ऐकलं नाही. पत्रात जे होतं ते लिहिलं: जमीन माझी, पीक दुसऱ्याचं, म्हणून भरपाई त्याला दिली. व्हिसा मिळाला.

पण त्याआधी जून आला, आणि सरांची मान वर गेली ती खाली येईना. पाऊस लांबला. जुलैत बरा झाला. ऑगस्ट जवळजवळ सगळा कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. खारपाणपट्ट्यात अशा वेळी पाणी उपसून देता येत नाही. खाली पाणी असतं, पण ते दिलं तर जमीन जाते. सर आठवड्याआड गावी जायला लागले. करण्यासारखं काही नव्हतं, तरी जायचे. फवारणीचे अर्धे पैसे दिले. ई-पीक पाहणीला पोराऐवजी स्वतः वावरात उभे राहिले, फोटो काढला, चार आकडे स्वतःच टाकले. मुगाची तोडणी झाली ती नावापुरती. काट्यावर अर्धा वाटा घेताना त्यांना लाज वाटली आणि पैलवानाला मजा.

निघायच्या आधी व्हिसाच्या पोरानं शेवटची सूचना केली. न्यूझीलंडला उतरायच्या आधी एक जाहीरनामा भरावा लागतो. गेल्या तीस दिवसांत शेतावर गेला होता का, जनावरांच्या संपर्कात आला होता का, असं विचारतात. मातीतून रोग जाऊ नये म्हणून फार कडक आहेत. “सरळ ‘नाही’ लिहा सर, झंझट नको.”

वर्षभरापूर्वी सरांनी ‘नाही’ लिहिलं असतं आणि ते शंभर टक्के खरं असतं. त्यांनी ‘हो’ लिहिलं. क्राइस्टचर्चला अधिकाऱ्यानं बूट मागितले, खाचांत घट्ट बसलेली काळी माती ब्रशनं काढली, जंतुनाशकात धुऊन परत दिले. कसलं शेत, म्हणून त्यानं विचारलं. कापसाचं, सरांनी सांगितलं, आणि यंदा पाऊस नाही हेही सांगितलं. त्याची काही गरज नव्हती.

मालकीण घ्यायला आली होती. गाडीतून जाताना सर खिडकीला चिकटून मेंढ्या मोजू लागले, पण मैलच्या मैल गाई. काळ्यापांढऱ्या गाई, आणि गवतावर पाणी फिरवणारे चाकांवरचे लांबच लांब नळ. फळ्यावरच्या तिरप्या रेघा जुन्या झाल्या होत्या. बाईनं सांगितलं, १९८२ च्या सुमारास देशात सात कोटी मेंढ्या होत्या, आता अडीच कोटींच्या आत. १९८४ ला सरकारनं शेतीची अनुदानं काढून घेतली, लोकरीला भाव राहिला नाही. ज्यांना पाणी मिळालं ते दुधाकडे वळले, आणि आम्ही पाहुणे ठेवायला लागलो. तिनं ते रडून सांगितलं नाही. काकूंना बाई आवडली. दुसऱ्या दिवशी दोघी गोठ्यात, म्हणजे त्यांच्या शेडमध्ये, कोकरांना बाटलीनं दूध पाजत होत्या, आणि एक कोकरू काकूंचा पदर चोखत होतं. फोटो मुलीला गेला.

रात्री जेवायला शेजारचा दूधवाला आला होता. चाळिशीचा, हात राकट. बोलता बोलता कळलं, की ज्या जमिनीवर तो गाई चारतो ती त्याची नाही. जमीन एकाची, गाई याच्या, राबणं याचं. दुधाचे पैसे अर्धे अर्धे. वाट्यावरच्या दुधाच्या धंद्यासाठी तिथे १९३७ सालापासून कायदा आहे. दूधवाल्याचा भाव यंदा पडला होता, त्यामुळे तो जमिनीच्या मालकावर आणि मालक त्याच्यावर थोडे थोडे नाराज होते. हे सगळं सरांना भाषांतराशिवाय समजलं. मग बाईनं सरांना त्यांच्या पिकाचं विचारलं. सर अर्धा तास बोलले. या खेपेला बेसॉल्ट आला नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. भारतात दुपार होती. पैलवान.

“भाऊ, पानी आलं! काल रात्री. धो धो नाई, पन आलं. पऱ्हाटीनं मान उचलली. एक खताचा हात लागते, अर्धे पाठवा.”

सरांनी आधी पाऊस किती झाला ते विचारलं. मग दूधवाल्याची हकिगत सांगितली, अगदी वर्गात सांगावी तशी. इथेही बटईच आहे म्हणाले, अर्धी अर्धी.

“असं काय?” पैलवान विचारात पडला. “मंग त्याइचं तोंडीच असते?”

“नाही रे. लिहून असतं. करार करतात. किती वर्षं, कोणाचं काय, सगळं कागदावर.”

“मंग आपलं काऊन तोंडी?”

सर म्हणाले, तसं नाही, आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, अठ्ठावन्न साली काय झालं की... काकूंनी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला.

“पैलवान, पुढच्या पाडव्याला येशील तेव्हा शंभराचा स्टॅम्प पेपर घेऊन ये. काय लिहायचं ते मी इथून आल्यावर मुलीच्या ओळखीतल्या वकिलाला विचारते.”

“घेऊन येतो वयनी,” तिकडून लगेच उत्तर आलं. “अन् त्यात बाभयीचं बी लिहा. धुऱ्यावरची बाभूय कोनाची, थे.”